गोदावरीतलं मऊ पाठीचं कासव परकं नाही: एका फिरत्या मेसेजला उत्तर

गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला आणि दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी आलं, की नाशिकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर पुराच्या व्हिडिओंच्या जोडीने एक मेसेज फिरायला लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर येतो, शाळेच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर येतो, द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवरही येतो. मजकूर साधारण असा:

"सावधान नाशिककर! सिंहस्थासाठी पाणी साफ करायला गोदावरीत गंगेतली मांसाहारी कासवं सोडली आहेत. ओळख: पाठ मऊ, तोंड सोंडेसारखं, पाठीवर चार डोळे. ही विषारी असून आंघोळ करणाऱ्यांचे लचके तोडतात. आपली कासवं कडक पाठीची आणि शाकाहारी असतात. मऊ पाठीचं दिसलं तर पाण्याबाहेर काढा, समुद्रात नेऊन सोडा. वीस नखी कासव मिळालं तर घरात ठेवा, लक्ष्मी येते. जास्तीत जास्त शेअर करा."

खाली फोटो आहे. कुणाच्या तरी तळहातावर मावणारं एक पिल्लू, पाठीवर चार गोल ठिपके.

या मजकुरातलं कासवाचं वर्णन बऱ्यापैकी बरोबर आहे आणि बाकी जवळजवळ सगळं चूक आहे. मला खरी भीती याचीच वाटते. मऊ पाठ, सोंडेसारखं नाक आणि पिल्लाच्या पाठीवर डोळ्यांसारखे ठिपके ही लीथ सॉफ्टशेल या कासवाची लक्षणं आहेत. हे कासव आज अतिधोक्यात असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने नष्ट होत चाललेल्या प्राण्याची नेमकी खूण सांगितली आणि वर 'दिसला की बाहेर काढा' असंही सांगितलं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

"गंगेतून आणून सोडली आहेत."

या अफवेमागे एक खरी गोष्ट आहे. १९८६ साली गंगा कृती आराखडा सुरू झाला. नदीत सोडली जाणारी अर्धवट जळालेली प्रेतं खाऊन संपवावीत म्हणून मऊ पाठीची कासवं वाढवायची आणि वाराणसीजवळ सोडायची, असा कार्यक्रम त्यात होता. तिथली जात तिथल्याच नदीत सोडली होती. आता नाशिकमध्ये २०२७ च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे म्हटल्यावर कुणीतरी ती जुनी गोष्ट उचलून रामकुंडावर आणून ठेवली. शिवाय रामकुंडाच्या पाण्याचा प्रश्न कासवं सोडून सुटणाराही नाही. गोदावरी बिघडते ती शहराच्या सांडपाण्याने. कासव मेलेला मासा खाईल, कुजकं मांस खाईल, पण गटाराचं पाणी त्याला शुद्ध करता येत नाही.

लीथ सॉफ्टशेल मुळात इथलंच आहे. जगाच्या पाठीवर हे कासव फक्त भारतात आढळतं, आणि भारतातही दख्खनच्या बाजूच्या नद्यांत: गोदावरी, कृष्णा, कावेरी, त्यांच्या उपनद्या आणि त्यांच्यावर बांधलेले जलाशय. ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ मध्ये या जातीला शास्त्रीय नाव दिलं, ते पुण्याहून गेलेल्या नमुन्यावरून. मुंबई इलाख्यात डॉक्टर असलेल्या लीथ यांचं नाव तिला मिळालं. नाव इंग्रजाचं असलं तरी प्राणी मात्र आपल्या नद्यांचा आहे. रामकुंडाच्या पायऱ्या बांधल्या जायच्या कितीतरी आधीपासूनचा.

गोंधळ होण्याचं आणखी एक कारण आहे. गंगेतलं मऊ पाठीचं कासव आणि लीथ सॉफ्टशेल दिसायला अगदी जवळचे भाऊ आहेत. दोघांचं डोकं हिरवट, दोघांच्या डोक्यावर काळ्या रेघा. नुसता फोटो पुढे ठेवला तर जाणकारसुद्धा आधी विचारतात, 'सापडलं कुठे?' नदी कोणती हे कळल्याशिवाय ओळख पक्की होत नाही. या मेसेजमधल्या फोटोला ना गाव आहे, ना तारीख. त्यावरून 'हे गंगेतलं' असं सांगायला काहीही आधार नाही.

परक्या कासवांचीच काळजी असेल, तर नजर दुसरीकडे वळवायला हवी. अॅक्वेरियमच्या दुकानांत नाण्याएवढी हिरवीगार पिल्लं विकायला असतात, डोळ्यामागे लाल पट्टा असलेली. ते रेड-इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतलं. मुलांच्या हट्टापायी घरात येतं, दोन-चार वर्षांत ताटाएवढं होतं, मग 'बिचाऱ्याला मोकळं करू' म्हणून कुणीतरी नदीत नाहीतर तळ्यात सोडून येतं. तिथे ते आपल्या कासवांच्या अन्नावर आणि ऊन खायच्या जागांवर हक्क सांगतं. आणि या परक्या कासवाची पाठ कडक असते. मेसेजमधली कसोटी लावली तर हा पाहुणा आपला ठरतो आणि घरचा माणूस परका.

"आपली कासवं कडक पाठीची असतात."

असतात, पण सगळी नाही. गोदावरी खोऱ्यात कडक पाठीचीही कासवं आहेत, काळसर रंगाची, घराच्या छपरासारखी मधोमध उंच कणा असलेली. माळरानावर पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं तारांकित कासव आहे. पण नाशिकच्या खेड्यापाड्यांत विहिरीत, ओढ्यात, तळ्यात जे कासव सगळ्यात जास्त दिसतं ते फ्लॅपशेल, आणि त्याचीही पाठ कातड्याचीच असते.

मऊ पाठ म्हणजे हाडं नाहीत असंही नाही. कातडं बाजूला केलं तर आत बरगड्यांना जोडलेल्या हाडांच्या पट्ट्या असतात, खडबडीत, बारीक खळग्यांनी भरलेल्या. इतर कासवांत या हाडांवर नखासारख्या कडक तुकड्यांचं आवरण असतं, इथे त्याच्या जागी कातडं. लीथ सॉफ्टशेलच्या कवचाची कड तर हाडाशिवायचीच, नुसती लवचीक कूर्चा. पोहताना ती कड पाण्याबरोबर हलते. त्यामुळे हे कासव चपटं राहतं, वाळूत पटकन शिरतं आणि वाहत्या पाण्यात चांगलं पोहतं. मऊ पाठ म्हणजे आजार असं समजून लोक या कासवांना हळद लावतात, उन्हात ठेवतात. कृपा करून तसं करू नका. ती पाठ तशीच असायला हवी. ओलं कातडं उन्हात सुकलं तर मात्र त्याला खरोखरच इजा होते.

निफाडकडच्या एका द्राक्षबागेत शेततळ्याच्या कागदावर अडकलेलं फ्लॅपशेल मी पाहिलं आहे. पावसात शेतातून चालत आलं, पाण्यात उतरलं आणि वर यायला वाटच नाही. प्लॅस्टिकच्या कागदावर चार पायांनी चढायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं. शेतकरीदादांनी टोपलीने उचलून बांधावर ठेवलं आणि मला म्हणाले, "बघा भाऊ, याला दरवाजे आहेत." खरंच होतं. मागचे पाय आत ओढले आणि पोटाकडच्या पाटीच्या दोन कातडी झडपा त्यांच्यावर येऊन बसल्या. मग डोकं आणि पुढचे पाय गेले आत, पुढची पाटीही वर सरकली. दोन मिनिटांपूर्वी धडपडणारा प्राणी आता सगळ्या बाजूंनी बंद. पाठ घुमटासारखी, साधारण वीतभर लांब. या झडपा हीच फ्लॅपशेलची पक्की खूण, आणि त्यावरूनच इंग्रजीत त्याचं नाव पडलं. लीथ सॉफ्टशेलला अशा झडपा नसतात. ते कितीही घाबरलं तरी मागचे पाय असे झाकू शकत नाही.

ज्यांच्याकडे शेततळं आहे त्यांना इथेच एक विनंती. एका कोपऱ्यात पाण्यापासून काठापर्यंत जुनी जाळी किंवा गाठी मारलेला जाड दोर सोडून ठेवा. कासवच काय, मुंगूस आणि कुत्र्याचं पिल्लूसुद्धा वाचतं.

"सोंडेसारखं तोंड, पाठीवर चार डोळे, म्हणून विषारी."

जगातलं कुठलंही कासव विषारी दंश करत नाही. हा मुद्दा एवढ्यावरच संपतो. पण ज्या खुणा इथे भीती घालायला वापरल्या आहेत त्या समजून घ्यायला हव्यात, कारण ओळख त्यांच्यावरच अवलंबून आहे.

आधी नाक. दोन्ही नाकपुड्या एका छोट्या मांसल नळीच्या टोकाला असतात. उथळ पाण्यात वाळूत अंग पुरून कासव पडून राहतं, श्वास हवा असला की लांब मान वर करतं आणि फक्त नळीचं टोक पाण्याबाहेर काढतं. बाकीचा प्राणी दिसत नाही. नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जाणाऱ्यांनी कडेच्या शांत पाण्यावर नजर ठेवावी. काडीच्या टोकासारखं काहीतरी वर येतं, क्षणभर थांबतं, वलयही न उठवता खाली जातं. शिवाय या कासवांना कातडीतून आणि घशाच्या अस्तरातूनही पाण्यातला थोडा प्राणवायू घेता येतो, म्हणून ती बराच वेळ खाली राहू शकतात. 'अर्धा तास झाला तरी वर आलं नाही, बुडालं' असं म्हणून लगेच पाण्यात उडी मारू नका.

आता पाठीवरचे डोळे. लीथ सॉफ्टशेलच्या पिल्लाच्या करड्या-हिरवट पाठीवर साधारण चार, कधी सहापर्यंत गोल ठिपके असतात. मध्ये गडद, भोवती फिकट कडं, त्यामुळे ते डोळ्यांसारखे दिसतात. वय वाढतं तसे ते फिके पडतात आणि त्यांच्या जागी पिवळसर नागमोडी रेघांची पुसट जाळी येते. मोठ्या कासवाच्या पाठीवर डोळे शोधाल तर बहुधा सापडणार नाहीत. म्हणजे 'चार डोळे' ही खूण सांगणारा नकळत पिल्लांकडेच बोट दाखवतो आहे. मेसेजच्या फोटोत आहे तेही पिल्लूच. जे अजून पाण्यात पुरतं स्थिरावलेलंही नाही, त्याला नरभक्षक म्हणून ग्रुपवर फिरवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

मोठं कासव ओळखायचं ते डोक्यावरून. हिरवट डोक्यावर दोन डोळ्यांच्या मधून निघून मानेकडे जाणारी एक काळी रेघ, आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना तिरप्या फुटलेल्या रेघांच्या दोन-तीन जोड्या. फ्लॅपशेलच्या डोक्यावर अशा काळ्या तिरप्या रेघा नसतात. आकारातही फरक आहे. फ्लॅपशेल फार तर फूटभर, सवा फूट होतं. लीथ सॉफ्टशेलचं कवच वाढत वाढत दोन फुटांच्या आसपास जातं, आणि ते भाकरीसारखं चपटं असतं.

"आंघोळ करणाऱ्यांचे लचके तोडतात, मांसाहारी आहेत."

चावतं का? हो, पकडलं तर चावतं, आणि जोरात चावतं. मान इतकी लांब असते की कवचाच्या कडेला धरलेल्या हातापर्यंत तोंड सहज पोचतं. म्हणून उचलूच नये. फारच वेळ आली तर मागच्या बाजूने, नाहीतर टोपली किंवा घमेलं सरकवून. पण पाण्यात उभ्या असलेल्या माणसावर ते चालून येत नाही. पायांची चाहूल लागली की वाळूत शिरतं नाहीतर लांब जातं. रामकुंडावर पर्वणीला लाखो माणसं उतरतात, तिथे तर असं कासव जवळपासही फिरकणार नाही.

आणि मांसाहारी म्हणाल तर मिश्राहारी म्हणा. शिंपले, खेकडे, गोगलगायी, मासे, डासांच्या अळ्या, मेलेले प्राणी, जोडीला पाणवनस्पती. 'आपलं' म्हणून ज्याचं कौतुक केलं जातं ते फ्लॅपशेलही हेच खातं. पूर्ण शाकाहारी कासवाची कल्पना बहुधा बागेत पालक खाणाऱ्या जमिनीवरच्या कासवावरून आली असावी. नदीतल्या कासवाने मेलेला मासा खाणं यात भिण्यासारखं काही नाही, त्याचं कामच ते आहे.

"समुद्रात नेऊन सोडा."

या मेसेजमधलं हे सगळ्यात घातक वाक्य आहे. लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावरची ऑलिव्ह रिडले कासवं असावीत. तिकडे पिल्लं समुद्रात सोडण्याचा सोहळा बघायला नाशिकहूनही लोक जातात, आणि 'कासव म्हणजे समुद्र' अशी गाठ डोक्यात बसते. पण पाय बघा. समुद्री कासवाचे पाय वल्ह्यासारखे असतात, बोटं वेगळी दिसत नाहीत. नदीतल्या कासवाला बोटं असतात, बोटांमध्ये पडदा असतो आणि नखं असतात. गोड्या पाण्यातला हा प्राणी खाऱ्या पाण्यात टिकत नाही. समुद्रात सोडणं म्हणजे त्याला मारणं.

देवळाच्या कुंडात सोडणाऱ्यांचा हेतू चांगला असतो हे मला माहीत आहे. गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावूनच आपण आत जातो. पण दगडी भिंतींच्या कुंडात अंडी घालायला माती नाही, पुरून बसायला वाळू नाही, खायला भाविकांनी टाकलेले पाव आणि लाह्या. मादीला काठावरची मोकळी जमीन लागते, तिथे खड्डा करून ती अंडी घालते. नदीकाठची वाळू उपसली, काठ काँक्रीटने बांधून काढले, तर तिला वर यायला जागाच उरत नाही.

"वीस नखी मिळालं तर घरात ठेवा."

मऊ पाठीच्या कासवांना प्रत्येक पायाला तीनच नखं बाहेर दिसतात, चार पायांची मिळून बारा. लीथ सॉफ्टशेल असो वा फ्लॅपशेल, वीस भरणं शक्यच नाही. कडक पाठीच्या बहुतेक कासवांना पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, म्हणजे अठरा. वीस नखांचं कासव क्वचित सापडतं म्हणूनच त्याच्याभोवती गुप्तधनाच्या आणि पैशांच्या पावसाच्या गोष्टी रचल्या गेल्या. त्या गोष्टींपायी माणसं लाखो रुपये घालवून बसतात आणि कासवं पोत्यात मरतात. नखं मोजण्यासाठी कासवाला उलटं करून तासन्‌तास ठेवलं जातं, हे तर निव्वळ हाल आहेत.

कायद्याचंही सांगतो. फ्लॅपशेल आणि तारांकित कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. असा प्राणी पकडला किंवा घरात बाळगला तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. 'आम्ही प्रेमाने पाळलंय' हा बचाव तिथे चालत नाही.

काही जण म्हणतात, एखादं कासव काढलं तर काय बिघडतं? लीथ सॉफ्टशेलच्या बाबतीत पुष्कळ बिघडतं. गेल्या तीस वर्षांत या जातीची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली असा अंदाज आहे. मांसासाठी देशातच चोरटी शिकार होते, आणि मांस व कवचाच्या कडेची कूर्चा चोरून परदेशात जाते. म्हणूनच २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पनामात वन्यजीव व्यापाराची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा भारताने ही जात सगळ्यात कडक बंदीच्या यादीत घालावी असा प्रस्ताव मांडला आणि तो मंजूर झाला. देश म्हणून जगापुढे ज्याच्यासाठी उभे राहिलो, त्या प्राण्याला गोदाकाठी आपण परका ठरवतो, हे मला सहन होत नाही. मोठी कासवं वयात यायला वर्षं लागतात. एक मोठी मादी गेली की तिच्या मागे येणारी अनेक वर्षांची अंडी जातात.

म्हणून हा मेसेज आला तर पुढे पाठवू नका, आणि पाठवणाऱ्याला ग्रुपवरच नम्रपणे उत्तर द्या. कासव नदीत, तळ्यात, ओढ्यात दिसलं तर तिथेच राहू द्या, ते त्याचं घर आहे. रस्त्यावर आलेलं असेल तर ज्या दिशेला चाललंय त्याच दिशेला पलीकडे नेऊन ठेवा. जाळ्यात अडकलं असेल, गळ गिळला असेल, जखमी असेल किंवा पुराने वाहून पार्किंगमध्ये आलं असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. तोवर घमेल्यात ओलं गोणपाट घालून सावलीत ठेवा, घमेलं पाण्याने भरू नका. सायखेडा, चांदोरीकडे पाणवेली काढायचं काम चालतं तेव्हा काठावर टाकलेल्या ढिगात एकदा काठीने चाळून बघा, लहान कासवं त्यात गुंतून राहू शकतात. भोईदादांना माझी विनंती, जाळ्यात आलेलं कासव जाळं कापावं लागलं तरी जिवंत सोडा.

आणि फोटो काढायचाच असेल तर कामाचा काढा. डोक्याचा वरून एक, रेघा दिसतील असा. पाठीचा एक, शेजारी पट्टी किंवा चप्पल ठेवून, म्हणजे आकार कळेल. पायाचा एक, नखं दिसतील असा. कासव काठावर असेल तर मागच्या पायांवर झडपा आहेत का तेही टिपा, पण त्यासाठी त्याला उलटं करू नका. सोबत गाव, नदी किंवा ओढा आणि तारीख लिहून वनविभागाला पाठवा. शिकारीच्या टोळ्याही ग्रुप वाचतात, म्हणून नेमकी जागा उघड्या ग्रुपवर टाकू नका.